वावरांचा क्रम : निंदणीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून

मॅडमनी बजावलंय की प्रकल्पाची वही रोजच्या रोज लिहायची. शेवटच्या रात्री एका बैठकीत लिहिलेली वही त्यांना पहिल्या पानावरच ओळखू येते म्हणे. तर ही माझी. एम.एस्सी. गणित, दुसरं वर्ष, विषय कामांचा क्रम.

मागच्या वर्षी जे शिकलो ते सगळं ठरलेल्या वेळांचं होतं. जॉन्सनचा १९५४ चा नियम घ्या, दोन यंत्रांवरून एकामागे एक जाणाऱ्या कामांचा. किंवा स्मिथचा १९५६ चा : सगळ्यांच्या थांबण्याची बेरीज कमी हवी तर छोटं काम आधी. दोन्हीकडे काम आज उचला की आठ दिवसांनी, त्याला लागणारा वेळ तेवढाच. मॅडमनी दिलेला विषय याच्या पुढचा आहे. इथे काम जितकं उशिरा हातात घ्याल तितकं ते लांबत जातं. उदाहरण पोलादाचं दिलं. भट्टीतून निघालेला गोळा रांगेत थांबला की निवतो, मग लाटायच्या आधी तो पुन्हा तापवावा लागतो. दुसरं आगीचं : उशिरा पोचलात तर विझवायला जास्त वेळ. दोन्ही पटतात, पण आमच्या बोरी नदीच्या काठच्या गावात पोलाद कुठून आणू? "तुझं तू शोध," मॅडम म्हणाल्या.

शोधावं लागलं नाही. संध्याकाळी निंदणीच्या टोळीची आक्का ओट्यावर आबांशी भांडत होती. मागच्या वर्षी नदीकाठचं वावर चार दिवस आधी दिलं असतं तर निम्म्या बायांत उरकलं असतं. तुम्ही गवत गुडघ्याएवढं होऊ देता आणि मग बायांच्या कमरेचा विचार न करता बोलावता. मी आत कळण्याची भाकरी थापत होते, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले. तिचं ते भांडण म्हणजेच माझा विषय.

२१ जून

वाचन. या प्रकारच्या क्रमावर गुप्ता आणि गुप्ता यांचा १९८८ चा लेख आहे, ब्राउन आणि येकियाली यांचा १९९० चा. सगळ्यात साधं रूप असं :

लागणारा वेळ = अ + ब × उशीर

अ म्हणजे आज हात घातला तर लागणारा वेळ. ब म्हणजे एक दिवस थांबलं की त्यात पडणारी भर. प्रत्येक वावराचा अ वेगळा, ब वेगळा. एकच टोळी सगळ्या वावरांत फिरणार, तर क्रम कोणता लावला म्हणजे सगळं लवकरात लवकर संपेल?

एक गंमत आधी लिहून ठेवते. समजा अ नाहीच. काम फक्त घड्याळाच्या पटीत वाढतं : वेळ = ब × आत्ताची वेळ. मग एक काम संपलं की घड्याळ (१ + ब) पट पुढे जातं, दुसरं संपलं की आणखी (१ + त्याचा ब) पट. शेवटची वेळ म्हणजे या सगळ्यांचा गुणाकार, आणि गुणाकारात कोण आधी कोण मागे याला अर्थ नाही. म्हणजे वाढ सगळीकडे आहे, तरी क्रम कसाही लावा, शेवट एकच! दोनदा ताडून पाहिलं. क्रमाला किंमत येते ती अ मुळे.

२४ जून

कोळपणी झाली. बैलजोडी शेजारच्यांची, आमची विकून तीन वर्षं झाली. कोळपं दोन ओळींमधलं गवत काढतं, झाडाच्या बुंध्याशी असलेलं तसंच राहतं. ते हातानेच काढायचं. कापसाला पहिले दोन महिने गवताने गाठलं तर झाड वर येत नाही, म्हणून निंदणी टाळता येत नाही. शेजारी म्हणतो, तणनाशक मारा आणि मोकळे व्हा. त्याने चोर बीटी लावलंय, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारं, चोरून विकलं जाणारं कापसाचं बियाणं, त्याला बोलायला काय जातं. त्या बियाण्याला मंजुरी नाही, आणि आबा त्या वाटेला जायला तयार नाहीत.

आमची कापसाची पाच वावरं. विहिरीवरचं ३ एकर, ठिबकवर, मे महिन्यात लावलेलं. आंब्याजवळचं ३ एकर. नाल्यावरचं १ एकर. नदीकाठचं २ एकर, गाळाची मळई, काहीही पेरा, उगवतं, आणि न पेरलेलं जास्त उगवतं. बर्डी ४ एकर, मुरमाड, कोरडवाहू.

प्रश्न : अ आणि ब मोजायचे कसे? ठिबकच्या जुन्या नळीची एक मीटर बाय एक मीटर चौकट केली आणि प्रत्येक वावरात पाच ठिकाणी टाकून आतलं गवत उपटून वजन केलं. दोन दिवस हेच. मग लक्षात आलं की वजनाचा आणि लागणाऱ्या बायांचा संबंध सरळ नाही. किलोभर घोळ एका हाताने निघते. किलोभर लव्हाळा काढायला खुरपं लागतं, आणि खालची गाठ राहिली की आठवड्यात परत वर.

२६ जून

वजनकाटा ठेवून दिला. आक्काला घेऊन पाचही वावरं फिरले. ती बांधावर उभी राहते, चार पावलं आत जाते, एक रोप हलवून बघते आणि आकडा सांगते. "तठे अठरा बाया लागतीन, पोरी." अठरा बाया म्हणजे एका बाईचे अठरा दिवस, किंवा अठरा बायांचा एक दिवस. उक्तं, म्हणजे अख्ख्या वावराची एकच रक्कम ठरवून काम घेताना ती याच आकड्यावर भाव करते, आणि आकडा चुकला तर तिच्याच टोळीचं नुकसान होतं. वीस वर्षं हे करतेय. माझ्या चौकटीपेक्षा हे मोजमाप बरं.

आजचे आकडे : विहिरीवर १८, आंब्याजवळ १६, नाला ४, नदीकाठ ६, बर्डी १८.

आबांनी विचारलं, टोळी आपल्याकडे कधी? एक तारखेला. तोवर ती दुसऱ्यांकडे.

३० जून

पुन्हा तीच फेरी, चार दिवसांनी. विहिरीवर २४, आंब्याजवळ २०, नाला ६, नदीकाठ १४, बर्डी २०. मधे एकदाच भुरभूर झाली होती, तरी नदीकाठ सहाचा चौदा झाला. आक्का म्हणाली, सांगितलं होतं ना.

टोळी दहा बायांची. म्हणून दिवसांत मांडते. नदीकाठ : आज १.४ दिवस, रोज ०.२ ची भर. नाला ०.६ आणि ०.०५. विहीर २.४ आणि ०.१५. आंबा २ आणि ०.१. बर्डी २ आणि ०.०५.

आता रात्रीचे साडेअकरा. दोनच वावरं घेऊन बघते, नदीकाठ आणि विहीर. नदीकाठ आधी केलं तर विहीर १.४ दिवस थांबते, तिच्यात १.४ × ०.१५ = ०.२१ दिवसांची भर पडते. विहीर आधी केली तर नदीकाठ २.४ दिवस थांबतं, भर २.४ × ०.२ = ०.४८. म्हणजे नदीकाठ आधी घेतल्याने ०.२७ दिवस वाचतो, पावणेतीन बाया. तुलना नेहमी एवढीच असते : याचा अ गुणिले त्याचा ब, विरुद्ध त्याचा अ गुणिले याचा ब. फिरवून लिहिलं की नियम निघतो. प्रत्येक वावराचा अ भागिले ब काढा, लहान आकडा आधी.

नदीकाठ ७, नाला १२, विहीर १६, आंबा २०, बर्डी ४०.

यात एक गोष्ट मला फार आवडली. वरची तुलना करताना सुरुवात कोणत्या दिवशी, हे कुठे आलंच नाही. टोळी उद्या आली काय आणि पाच तारखेला आली काय, क्रम हाच. दुसऱ्या बाजूने बघितलं तरी तेच : पाच दिवसांनी प्रत्येक वावराचा अ त्याच्या ब च्या पाचपट वाढलेला असणार, म्हणजे प्रत्येक भागाकारात नेमकी पाचाची भर. सगळेच पाचने पुढे, रांग तीच.

नाल्याचं जरा विचित्र वाटतं. तिथली वाढ विहिरीपेक्षा तिपटीने हळू, तरी तो विहिरीआधी? कारण तो छोटा आहे. त्याच्यासाठी विहिरीला अर्ध्या दिवसाहून थोडंच जास्त थांबावं लागतं, उलट केलं तर नाल्याला जवळजवळ अडीच दिवस. फरक काढला : ०.०३ दिवस. दहा बायांच्या ३०० रुपये रोजाने नव्वद रुपये. एवढ्यासाठी जागतेय हे मायला सांगणार नाही.

एकूण हिशेब. माझा क्रम : ९.६ दिवस, ९६ बाया. आबा दर वर्षी गावाजवळून सुरू करतात : विहीर, आंबा, नाला, नदीकाठ, शेवटी बर्डी. त्याला १०.४ दिवस. माझ्या अगदी उलटा क्रम लावला तर ११.२. आबांच्या आणि माझ्या क्रमात साडेसात बायांचा फरक, ३०० रुपये रोजाने सव्वादोन हजार.

आबांना दाखवलं. त्यांनी कागद उजेडाकडे धरून वाचला आणि एवढंच म्हणाले, "बर्डी शेवटीच शे ना? मंग चालनं." बर्डी शेवटी का, हे त्यांना विचारायला हवं होतं. मी गुणोत्तर ४० आलं म्हणून खूश होते.

१ जुलै

सुरुवात. दहा बाया, मी धरून नाही. मी घड्याळ आणि वही घेऊन गेले होते. अर्ध्या तासात आक्काने माझ्या हातात खुरपं दिलं आणि मला कडेच्या पातीवर बसवलं. पात म्हणजे एका बाईने एका दमात धरायच्या ओळी. दहाजणी एका रेषेत पुढे सरकतात. एखादी मागे पडली तर शेजारची तिच्या ओळीतलं हातभर काढून देते, रेषा मोडू देत नाही. पुस्तकात यंत्र नावाचा जो चौकोन काढतात तो हा असा आहे, हे मी बसल्याशिवाय कळलं नसतं.

सकाळी नऊपर्यंत भराभर. साडेअकराला पाण्याची घागर, दोननंतर वेग गळतो. म्हणजे यंत्राचा वेगही दिवसभरात बदलतो. मी तो सरासरीत लोटून दिला.

२ जुलै

दुपारी नदीकाठ संपलं. आक्काने १४ सांगितलं होतं, १५ लागल्या. ती म्हणाली, पंधरावी तू, तू निंदते कमी आणि लिहिते जास्त.

नदीकाठावरून नाल्यावर जायला चाळीस मिनिटं गेली. जेवणाचे डबे, घागरी, आक्काच्या सुनेचं तान्हं बाळ आणि त्याची झोळी, सगळं उचलून न्यायचं. माझ्या समीकरणात एका वावरातून दुसऱ्यात जायला शून्य वेळ लागतो. आबांच्या जवळून-लांब क्रमाला हे एक कारण असणार. नव्वद रुपयांचा माझा विजय त्या चाळीस मिनिटांत गेला, खरं तर त्याहून जास्त गेले : दहा बायांची चाळीस मिनिटं.

४ जुलै

नाला काल झाला, ८ बाया. विहिरीवर काल सात आणि आज अकरा बायांचं काम झालं. अंदाजे सत्तर टक्के वावर झालंय. संध्याकाळी पश्चिमेकडे आभाळ काळं. आक्का जाताना बोलली, "तुना कम्प्युटरले पानी दखास का?"

नाही दिसत.

५ जुलै

रात्रभर पाऊस. विहिरीवरच्या काळ्या रानात पाय घातला की चपलेला दोन किलोचा गोळा. वापसा नाही, म्हणजे रान अजून कामाएवढं सुकलेलं नाही. ओल्यात निंदलं तर माती तुडवली जाऊन दगड होते, आणि उपटलेलं गवत तिथेच परत मूळ धरतं. टोळी घरी. गवत मात्र घरी बसलेलं नाही, उलट आता त्याची दिवाळी.

पुस्तकी भाषेत : यंत्र बंद, पण उशिराचं घड्याळ चालू. असा बंद काळ मधे आला की माझा भागाकाराचा सोपा नियम हमखास बरोबर येईल असं नाही. बंद काळ असलेला प्रश्न, अर्धं काम सोडता येत नसेल तर, ज्याला एनपी-हार्ड म्हणतात त्या जातीचा आहे, अगदी साध्या वाढीलासुद्धा. म्हणजे कामं वाढली तरी नेमकं उत्तर हमखास झटपट देईल अशी वाट कुणाला सापडलेली नाही. आमच्या पाच वावरांना त्याची काळजी नाही, एकूण क्रम १२० च होतात. पण पाऊस कधी येणार हे १२० वेळा विचारूनही कळत नाही.

६ जुलै

आषाढी एकादशी, वर रविवार, गावचा बाजार. काम नाही. रविवार मी हिशेबात धरलाच नव्हता. इतकी साधी चूक.

साबुदाण्याची खिचडी खाताना आबांना शेवटी विचारलं, बर्डी दर वर्षी मागे का ठेवता? लांब आहे म्हणून?

ते हसले. पाऊस पडला की काळं रान चार-पाच दिवस उघडत नाही. मुरमातून पाणी निचरून जातं, बर्डी लवकर उघडते. तेव्हा टोळीला द्यायला एक वावर हाताशी हवं, नाहीतर टोळी दुसऱ्याकडे जाते आणि मग परत मिळत नाही. कोरड्या दिवसांत बर्डी निंदून टाकली तर ओल्या दिवसांत काय निंदणार? "बर्डी काय पयी जाई नही ऱ्हायनी." बर्डी काही पळून जात नाहीये.

म्हणजे माझ्या नियमाने बर्डी शेवटी टाकली कारण तिथे गवत हळू वाढतं. आबा ती शेवटी ठेवतात कारण ती पावसात चालते. दोन्ही कारणांचं मूळ एकच, मुरमात पाणी टिकत नाही. पण त्यांच्या कारणात "शेवटी" हा शब्द नाहीच, "हाताशी" आहे. यंत्र सगळ्या कामांसाठी एकदम बंद होत नाही, कामागणिक वेगळं बंद होतं. हे मी वाचलेल्या लेखांत अजून आलेलं नाही. मॅडमना विचारायचं.

८ जुलै

काल-आज बर्डी. ११ आणि ११, एकूण २२ बाया. काल सकाळी आक्का आपण होऊनच तिकडे वळली होती, तिला कुणी सांगावं लागलं नाही.

९ जुलै

विहिरीवर परत. शुक्रवारी राहिलेला तुकडा माझ्या हिशेबाने दहा बायांचा असायला हवा होता, पाच दिवसांची भर धरून. आक्का आत गेली, एक वेल ओढला, तो मध्येच तुटला. "केना शे हाऊ." केन्याला कांड्याकांड्यावर मुळं फुटतात. लहान असताना दोन बोटांनी येतो, जमिनीवर पसरून मुळं धरली की खुरप्याने एकेक कांडं सोडवावं लागतं, आणि तुकडा ओल्या मातीत राहिला तर त्याचा नवा वेल. तिचा नवा आकडा १५.

म्हणजे वाढ सरळ रेषेत नाही. काही दिवस हळूहळू, मग एका दिवशी पायरी. त्या दिवसाआधी हात घातला तर एक वेळ, नंतर घातला तर वेगळाच. पायरीचा हा प्रश्नही अभ्यासलेला आहे, मोशेयोव यांचा १९९५ चा लेख त्यावरच. रेषेचा प्रश्न एका भागाकारात सुटतो, पायरीचा मात्र एकाच यंत्रावरही अवघड. इतक्या छोट्या बदलाने इतका फरक पडावा याचं मला अजून नवल वाटतंय. पायरी असली की प्रत्येक वावराबाबत ठरवावं लागतं की हे वेळेत वाचवायचं की गेलं असं समजून मागे टाकायचं, आणि कोणती वाचवायची ही निवड म्हणजे पिशवीत काय भरायचं तसा प्रश्न.

१४ जुलै

संपलं. विहिरीवरचा उरलेला तुकडा १५, आंब्याजवळ ३१. आंब्याजवळ शेवटच्या दिवशी फक्त सातजणी होत्या, बाकीच्या दुसऱ्या गावाला पिकअपने गेल्या, तिथे पन्नास रुपये जास्त.

एकूण १५ + ८ + १८ + २२ + १५ + ३१ = १०९. हिशेब ९६ चा होता.

१५ जुलै

कॉलेजात मॅडमना वही दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला : आक्काचे आकडे अंदाज आहेत, तुझं सूत्र नेमक्या आकड्यांचं. मग? याचं उत्तर वाचलेलं होतं. ब्राउन आणि येकियाली यांनी अ हा अनिश्चितच धरलाय. सरासरीने लवकर संपवायचं असेल तर अ च्या जागी त्याची सरासरी घाला आणि त्याच भागाकाराने रांग लावा. आक्काचा आकडा कधी दोनने वर, कधी दोनने खाली, पण एका बाजूला कलत नसेल तर क्रम टिकतो. ब मात्र नेमका लागतो, आणि माझा ब दोनच फेऱ्यांतून आलेला. मॅडमनी तिथे लाल रेघ ओढली. योग्यच.

दुसरा प्रश्न : दोन टोळ्या असत्या तर? मग कोणतं वावर कुणाला हे वाटणंच अवघड, गवत वाढत नसतं तरी. ते या वर्षी नाही.

१६ जुलै

संगणकावर तोच पाऊस पाडला. ५ ते ८ जुलै काळी रानं बंद, बर्डी पाच तारखेच्या दुपारपासून उघडी, अर्धं राहिलेलं काम परत हातात घेताना त्या दिवसाच्या वाढीने मोजायचं. पायरी नाही, रविवार नाही. पैसे फक्त कामाच्या दिवसांचे. माझ्या क्रमाला १०२ बाया येतात. आबांच्या क्रमाला ११४, कारण त्यात नदीकाठ पावसानंतरही तसंच पडून राहतं आणि शेवटी एकट्यालाच ३४ बाया खातं. पावसाने आमच्यातला फरक साडेसातचा बारा केला.

पण नाला मागे टाकून नदीकाठ, मग पूर्ण विहीर, असा क्रम लावला तर १०१. विहीर चार तारखेच्या संध्याकाळी बरोबर संपते, अर्धी राहत नाही, आणि केन्याची पायरीही टळते. नव्वद रुपयांचा नाला मला केन्यात घेऊन गेला.

हे आबांना सांगितलं नाही. आक्काला सांगितलं, कारण ती विचारत होती. ती दुसऱ्याच आकड्यावर अडली. "बारा बाया वाचन्या म्हंजे? मंग आमना रोज बुडना ना!" मी म्हटलं, जुलैत तुम्हांला कामाला तोटा नाही, आमच्याकडून सुटलात की दुसऱ्याकडे जाल. ती म्हणाली, जुलैत हो. ऑगस्टच्या शेवटी विचार. यावर माझ्याकडे सूत्र नव्हतं. कमीत कमी दिवसांत संपवणं हे आबांचं ध्येय. तिचं ध्येय वेगळं, आणि तिने विचारेपर्यंत मी ते लिहिलंही नव्हतं. मात्र कंबर मोडणारं मोठं गवत तिलाही नकोच असतं, म्हणून नदीकाठ आधी हे तिला मान्य. उक्तं घेतलं असतं तर वाचलेल्या बारा बाया तिच्या टोळीच्या खिशात गेल्या असत्या. पुढच्या फेरीला उक्तं द्या, असं तिने आबांना सांगून ठेवलंय. ते "बघू" म्हणाले, म्हणजे नाही.

३१ जुलै

दुसरी फेरी. २७ ला आणि आज आक्काबरोबर फिरले.

नदीकाठ १० वरून १८. आंबा १४ वरून २०. नाला ५ वरून ६. बर्डी १० वरून १२. विहीर ८ आणि पुन्हा ८. मे महिन्याची लागवड, झाडं एकमेकांना भिडलीत, खाली ऊनच पोचत नाही, गवत थांबलं. तिथला ब शून्य.

प्रोग्राम चालवला तर अडकला, शून्याने भागायला निघाला होता. विहिरीपुढे हाताने मोठा आकडा टाकला. ती शेवटी गेली, तेच बरोबर. जी थांबू शकते ती थांबेल.

नदीकाठ ९, आंबा १३.३, मग नाला २४ आणि बर्डी २४. दोघांचा भागाकार तंतोतंत सारखा, कोण आधी कोण मागे, फरक शून्य. सूत्र इथे गप्प बसतं. बर्डी मागे ठेवली, हाताशी.

या वेळी बंद काळ आधीच माहीत आहे. ३ तारखेला रविवारी आमची खानदेशची देवी कानबाई बसणार, ४ ला सकाळी विसर्जन, दोन्ही दिवस एकही बाई वावरात येणार नाही. म्हणजे उद्या शुक्रवार आणि परवा शनिवार, दोन दिवस हातात. नदीकाठला १.८ लागतात. बसतं.

२ ऑगस्ट

नदीकाठ पाच वाजता संपलं, १९ बाया. अंदाज १८ चा. केना होता, पण अजून मुळं धरली नव्हती. आक्काने एक वेल अख्खा ओढून माझ्यासमोर धरला, तुटला नाही.

आज बाजार नसूनही आबांनी सगळ्यांचे पैसे चुकते केले, कानबाईच्या रोटांसाठी गहू घ्यायचे होते. मंगळवारी आंब्याजवळ यायचं ठरलं. पश्चिमेला ढग आहेत, आक्काने बर्डीकडे हात केला आणि बाळाची झोळी उचलून निघाली.